गाढवाला घोडा म्हणणाऱ्या बाई

रेफुहिओ आन्सुरेस बाई कधी हसतच नसत, असं कुणी म्हटलं तर ते साफ खोटं. घरी त्या पोटभर हसत, नाक वर करून गावभरच्या नकला करत. पण परीक्षेच्या खुर्चीत बसल्या की चेहरा असा कोरा करत, की समोरच्या पोराला आपण बरोबर बोललो की माती खाल्ली याचा काडीचा पत्ता लागू नये. मेक्सिकोतल्या आमच्या तलाश्काला राज्यातले इंग्रजीचे मास्तर त्यांना पाठीमागे 'तवा' म्हणत. तव्यावर मिरची भाजा नाहीतर मका, तव्याला त्याचं सोयरसुतक नसतं. बाईंना हे नाव ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं.

त्यांचं काम म्हणजे चौथीच्या पोरांची इंग्रजी बोलण्याची परीक्षा घेणं. पोरं दोन-दोनच्या जोडीनं आत यायची, टेबलावर चित्र ठेवलेलं असायचं, कोपऱ्यात आवाज टिपणारं यंत्र चालू. बाईंच्या हातात पुस्तिका, आणि पुस्तिकेत बाईंनी काय बोलायचं ते शब्दन् शब्द छापलेलं. त्यापलीकडे बोलायचं नाही. मान डोलवायची नाही, शब्द तोंडात आणून द्यायचा नाही. नव्या परीक्षकांना शिकवायच्या तेव्हा बाई सांगत की बाबांनो, तुमची एक भुवई वर गेली तरी पोराचं दप्तर गुंडाळलं म्हणून समजा.

हे त्या उगाच म्हणत नव्हत्या. लहानपणी प्वेब्लाच्या नन्सच्या शाळेत इंग्रजीचं पहिलं वाक्य बोलायला त्या उभ्या राहिल्या आणि शिकवणाऱ्या सिस्टरला हसू आवरलं नाही. त्यानंतर वर्षभर या मुलीनं इंग्रजीच्या तासाला तोंड उघडलं नाही. पुढे जिद्दीनं शिकल्या, गावोगाव प्राथमिक शाळेत शिकवलं, नवरा गेला, मुलगा उत्तरेला तिहुआनात जाऊन तिकडचाच झाला, आणि निवृत्तीनंतर हे परीक्षकाचं काम मिळालं तेव्हा बाईंनी एकच गाठ मारली: आपल्या चेहऱ्यावर कुठलंही पोर ठेचकाळणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. रेफुहिओबाई वरिष्ठांना 'नाही' म्हणत नसत. मुख्याध्यापक असो, पर्यवेक्षक असो, वरून शब्द आला की "हो, साहेब" हे त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं. भीतीनं नव्हे. त्यांना तसंच वाढवलं होतं, आणि आमच्याकडे सगळ्यांनाच तसं वाढवतात. इथे म्हाताऱ्या माणसानं हाक मारली तर पोर "काय?" म्हणत नाही, "मांदे" म्हणतं, म्हणजे आज्ञा करा. "काय" म्हणणाऱ्याच्या पाठीत आई धपाटा घालते.

तर फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत बाई आपिसाकोच्या घरून कोंबीत बसून सान बार्तोलोला उतरल्या. कोंबी म्हणजे आमची वडाप, गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. शाळेच्या फाटकाशी ब्रिसेइदा उभी होती, ओठ थंडीनं आणि काळजीनं पांढरे पडलेले. ब्रिसेइदा त्या शाळेची इंग्रजीची शिक्षिका, आणि रेफुहिओबाईंची धर्मलेक. बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली त्या पोरीला बाईंनीच हातात धरलं होतं. त्यामुळे ब्रिसेइदा त्यांना माद्रिना म्हणते, आणि तिची आई ओबदुलिया ही बाईंची कोमाद्रे, म्हणजे विहिणीपेक्षा जवळची आणि बहिणीपेक्षा मानाची.

आता कुणी विचारेल, धर्मलेकीच्या वर्गाची परीक्षा धर्मआईनं घ्यावी, हे कुठल्या शास्त्रात बसतं? बाईंनीही विचारलं होतं. परीक्षा विभागाचे बेरिस्ताइन साहेब फोनवर हसले. आमचं राज्य केवढं, तर टाचेएवढं. इथे नात्यात नसलेला परीक्षक शोधायचा तर चंद्रावरून आणावा लागेल. शिवाय साहेब म्हणाले, तुमच्याकडून पक्षपाताची भीती नाही बाई, उलट त्या मुलीचीच दया येते.

दया येण्यासारखंच होतं. ब्रिसेइदाची नोकरी कायमची नव्हती, दरवर्षी नव्यानं कागद व्हायचा. यंदा पर्यवेक्षकानं स्पष्ट सांगितलं होतं की चौथीचा वर्ग बोलण्यात पातळीला पोचला नाही तर सान बार्तोलोचे इंग्रजीचे तास बंद, ते शहरातल्या शाळेला जातील. म्हणजे ब्रिसेइदानं शिवणाच्या कारखान्यात जायचं आणि या डोंगराकडच्या पोरांनी इंग्रजी विसरायचं. ओबदुलियानं पहाटेपासून मोलेचा रस्सा चुलीवर ठेवला होता आणि निरोप पाठवला होता की तव्याला म्हणावं, आधी घरी येऊन चार घास खा. बाईंनी उलट निरोप दिला: गुणांचं पाकीट बंद झाल्याशिवाय तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही.

परीक्षा वाचनालयात ठेवली होती. पहिली जोडी आली, केस पाणी लावून चापून बसवलेले. नाव सांगितलं, वय सांगितलं, काय आवडतं, घरी कोण कोण, सगळं पोरांनी खणखणीत सांगितलं. बाईंना मनातून बरं वाटलं, चेहऱ्यावर अर्थातच काही नाही. मग दुसरा भाग आला. या भागात परीक्षकानं चित्र दाखवून मुद्दाम चुकीचं बोलायचं असतं, आणि पोरानं ते दुरुस्त करायचं. चित्रात अंगण, अंगणात गाढव, दारात आंबा खाणारा मुलगा. पुस्तिकेत लिहिल्याबरहुकूम बाईंनी गाढवावर बोट ठेवलं आणि हा घोडा आहे ना, असं इंग्रजीत विचारलं.

"येस, टीचर," दोघंही म्हणाली.

हा मुलगा झोपलाय ना? येस, टीचर. अंगणात खूप पाऊस पडतोय ना? चित्रात रखरखीत ऊन. येस, टीचर.

बाईंनी शून्य मांडलं. दुसरी जोडी आली, तिचंही तेच. तिसरी, चौथी, सगळ्यांचा घोडा. पहिल्या भागात पोपटासारखी बोलणारी पोरं दुसऱ्या भागात माना डोलवून मोकळी होत. ज्या गावात दर दुसऱ्या दारात गाढव बांधलेलं, तिथली ही पोरं! बाईंचा संताप होऊ लागला, आणि तो पोरांवर नव्हे, ब्रिसेइदावर. पाठांतर करून घेतलंस होय गं, समजून काही नाही, असं त्या मनात म्हणत होत्या. आणि या हिशोबानं पोरीची नोकरी तर गेल्यात जमा होती.

मधल्या सुट्टीत ब्रिसेइदा कॉफी घेऊन आली. विचारायचं नाही हे तिला माहीत होतं, तरी विचारलंच. बाई म्हणाल्या, सांगता येत नाही. ब्रिसेइदा कप ठेवून निघून गेली.

वाचनालयाच्या खिडकीखाली पोरं लिंबू-तिखट लावलेल्या जिकामा कंदाच्या फोडी खात बसली होती. आतून बाईंना ती दिसत नव्हती, पण बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. एक आवाज इत्सायानाचा. दोन वेण्यांची ही मुलगी दुसऱ्या जोडीत होऊन गेली होती. दुसरा एलिसेओ नावाच्या मुलाचा, त्याची पाळी यायची होती.

"काय विचारतात?" एलिसेओनं विचारलं.

"सोपं आहे. पण बिचाऱ्यांना दिसत नाही रे. गाढवाला घोडा म्हणतात."

"मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले. माझी आजी मला मावशीच्या नावानं हाक मारते, तेव्हा पण मी हो म्हणते. आई म्हणते, म्हाताऱ्या माणसाचा जीव कशाला दुखवायचा? तू पण हो म्हण. सगळ्यांनी तसंच ठरवलंय. एवढ्या थंडीत कोंबीनं आल्यात त्या."

एलिसेओ म्हणाला, चष्मा घरी विसरल्या असतील. इत्सायाना म्हणाली, चष्मा डोळ्यांवरच होता, म्हणून तर जास्त वाईट वाटलं.

बाईंच्या हातातली कॉफी गार झाली. एवढ्या वर्षांत किती शाळांमध्ये किती पोरांना त्यांनी त्या दुसऱ्या भागात शून्य दिलं होतं, आणि त्यातली किती पोरं फक्त त्यांच्यावर दया करत होती? ही पुस्तिका कुठल्या तरी दूरच्या देशात लिहिली गेली, जिथे आजीला "तू चुकलीस" म्हणणारं पोर हुशार ठरतं. आमच्याकडे त्याला धपाटा मिळतो. बाईंना रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला, आणि त्या पोरांबद्दल असं काही दाटून आलं की सुट्टीची घंटा झाली तरी त्या उठल्या नाहीत.

नियमानं वागायचं तर पुढच्या जोड्यांनाही तेच विचारायचं आणि तेच शून्य मांडायचं. बाईंनी तसं केलं नाही. ब्रिसेइदाला काहीही न सांगता त्यांनी शाळेच्या शिपाईणीला सांगितलं की झालेल्या पोरांनाही पुन्हा एकेका जोडीनं पाठव. मग त्यांनी खुर्च्यांची अदलाबदल केली. पोराच्या बुटक्या खुर्चीत स्वतः बसल्या, गुडघे हनुवटीला टेकले, आणि इत्सायाना आत आल्यावर तिला मोठ्या खुर्चीकडे बोट दाखवलं. यंत्र चालूच होतं. त्यांनी ते मुद्दाम बंद केलं नाही.

बाई तिला म्हणाल्या की मी इंग्रजी शिकतेय, तू माझी बाई. मी चित्र बघून बोलते, तू माझं काय ते बघ.

इत्सायाना खुर्चीत मागे सरकून बसली. पाय जमिनीला पोचत नव्हते. बाईंनी गाढवावर बोट ठेवून तेच वाक्य म्हटलं, शब्दन् शब्द तोच.

"नो," इत्सायाना म्हणाली. आणि टेबलावर बोटानं दोनदा टकटक केलं, थेट ब्रिसेइदा करते तसं. मग इंग्रजीतच, सावकाश, सांगितलं की हा घोडा नाही, गाढव आहे, त्याचे कान बघा, कान लांब आहेत. आता पुन्हा म्हणा.

बाईंनी पुन्हा म्हटलं. मुलगा झोपलाय, असंही म्हटलं. त्यावर तो झोपलेला नाही, आंबा खातोय, डोळे उघडे आहेत, हे सगळं ऐकून घ्यावं लागलं. पावसाचं वाक्य आलं तेव्हा तिच्या जोडीदाराच्या तोंडून हसू फुटलं, तर इत्सायानानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. वर्गात कुणी चुकलं तर हसायचं नाही, हा ब्रिसेइदाचा नियम असणार. मग ती पुढे वाकली आणि बाईंच्या हातावर हात ठेवून इंग्रजीत म्हणाली, घाबरू नका टीचर, चुकलं तरी चालतं.

तिथे तव्याला घाम फुटला. बाई हसल्या आणि रडल्याही, आणि दोन्ही त्या यंत्रात उतरलं.

प्रत्येक जोडीचं असंच झालं. खुर्ची मिळाली की पोरं बाई होत, आणि प्रत्येकाच्या आत कुठे ना कुठे ब्रिसेइदा सापडे: तिची टकटक, तिचं "पुन्हा", तिचं थांबून वाट बघणं. पाठांतराची शंका घेतल्याबद्दल बाईंनी मनातल्या मनात धर्मलेकीची माफी मागितली. गुण नव्यानं मांडले, आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं की दुसऱ्या भागात मी माझ्या जबाबदारीवर पद्धत बदलली, का बदलली तेही लिहिलं, आणि सही केली.

शाळेच्या ऑफिसातून गुण फोनवर कळवायची पद्धत होती. ब्रिसेइदा दाराशी उभी. बेरिस्ताइन साहेबांनी गुण ऐकले, खूश झाले, आणि मग बाईंनी खालचा मजकूर वाचून दाखवला. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की बाई, हे असं पाठवलंत तर सगळा वर्ग रद्द होईल, मुलीचे तास टांगणीला लागतील. रेकॉर्डिंग कोण ऐकतंय इथे? तेवढ्या चार ओळी खोडा. पोरांना येतं हे तुम्ही पाहिलंत ना? मग झालं तर. खोडा, आणि जेवायला जा.

"हो, साहेब" हे शब्द बाईंच्या जिभेवर आलेच होते. समोर ब्रिसेइदाचा चेहरा होता, आणि तो चेहरा अगदी उघडपणे म्हणत होता, खोडा ना.

"नाही, साहेब," रेफुहिओबाई म्हणाल्या. "माफ करा, पण हे चूक आहे. पोरांना येतं, पण तुमच्या पद्धतीनं त्यांना शून्य पडतं, आणि मी खोडलं तर पुढच्या गावच्या पोरांनाही पडत राहील. मी नाही खोडणार."

साहेबांनी फोन ठेवला.

ब्रिसेइदा काही ओरडली नाही. तिनं शाल गुंडाळून घेतली आणि म्हणाली, "खरेपणा तुमचा, माद्रिना, पण तो वाढलात माझ्या ताटातून काढून." त्या दुपारी ओबदुलियाच्या घरी मोले वाढलं गेलं, कारण उंबऱ्यावर आलेल्या कोमाद्रेला उपाशी पाठवणं आमच्यात पाप आहे. ओबदुलियानं टॉर्टिया गरम करून दिल्या, त्या मात्र बाईंच्या हातात न देता टोपलीत ठेवल्या. परतीच्या कोंबीत बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. बरोबर वागलो याचं सुख बिख काही वाटत नव्हतं.

वर्ग रद्द झाला. ईस्टरच्या सुट्टीनंतर फेरपरीक्षा ठरली, तोवर ब्रिसेइदाला झोप म्हणून लागली नाही. फेरपरीक्षेला हाकोबो नावाचा पोरगेला परीक्षक आला, कापडी बूट, कानात बाळी, हनुवटीवर चार केस. पुस्तिका तीच, कारण बाईंचा मजकूर कुठल्या कपाटात गेला कोण जाणे. त्यानं गाढवाला घोडा म्हटलं आणि पहिल्याच जोडीनं त्याला वेड्यात काढलं. तो काही कुणाच्या आजीसारखा दिसत नव्हता, त्याचा जीव दुखवायला कुणाची हरकत नव्हती. वर्ग पातळीच्या वर गेला आणि ब्रिसेइदाचे तास राहिले. रेफुहिओबाईंचं नाव मात्र नव्या परीक्षकांच्या यादीत नव्हतं. पत्र नाही, फोन नाही, नुसतं नाव नाही.

हे सगळं सांगायला ब्रिसेइदा आपिसाकोला आली, हातात आईनं दिलेलं मोलेचं भांडं. माफी कुणीच मागितली नाही, दोघींनी मिळून भात टाकला. जेवता जेवता ब्रिसेइदा म्हणाली की एक गोष्ट राहिली. इत्सायानानं मला विचारलं, आम्ही चूक काढली म्हणून त्या बाईंना कामावरून काढलं का?

तू काय सांगितलंस, बाईंनी विचारलं. ब्रिसेइदाला काही सुचलं नव्हतं. ती मुलगी मात्र तेव्हापासून वर्गात हात वर करत नाही, एवढं तिनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला रेफुहिओबाई सान बार्तोलोच्या फाटकाशी उभ्या होत्या. इत्सायाना बाहेर आली, त्यांना बघून दचकली, आणि हाक मारल्यावर जवळ येऊन "मांदे" म्हणाली. बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, गुडघे कुरकुरले.

"तू माझी चूक काढलीस म्हणून नाही गं काढलं मला," त्या म्हणाल्या. "मी एका साहेबांची चूक काढली म्हणून काढलं."

इत्सायानानं विचारलं:

"साहेब म्हातारे होते का?"

"माझ्याएवढेच."

"मग हो म्हणायचं होतंत, बाई."

"नाही," रेफुहिओबाई म्हणाल्या.